जर्मन परटिणीची पाठवणी

उज्जैनच्या माधव नगरात राहणारी एक जर्मन परटीण शिप्रेच्या राम घाटावर देवी होऊन बसली, बायकांनी तिला दुधाचा नैवेद्य दाखवला, आणि शेवटी खणा-नारळाने ओटी भरून तिला नवऱ्याकडे पाठवून दिलं, असं सांगितलं तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. यज्ञेश्वर वाकनिसांच्या बाबतीत विश्वास ठेवण्याची सवय सगळ्या माधव नगराने कधीच सोडून दिलेली आहे, त्यात तुमची भर.

यज्ञेश्वर वाकनीस बँकेतून रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण थापांतून माणूस रिटायर होत नाही. बँकेत असताना हरसिद्धीच्या देवळाकडून आलेल्या एका माकडाने विड्रॉलची स्लिप बरोब्बर भरून काउंटरवर ठेवली होती, फक्त सही जुळेना म्हणून त्याला परत पाठवावं लागलं, हे ते आजही शपथेवर सांगतात. एका वर्षी तर म्हणे थंडी अशी पडली, की जलेबीवाल्याच्या कढईतली वाफ वर निघाली की वरच गोठायची, आणि लोक ती तोडून दुधात बुडवून खायचे. अशा माणसावर एकदा खरंच काहीतरी घडण्याची पाळी आली, तर त्याने करावं काय? यज्ञेश्वरांवर ती पाळी आली ती महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पोहे खाऊन हात धुता धुता.

"अहो," बाहेरच्या खोलीतून विजयाबाईंचा आवाज आला, "परटीण कुठंय?"

आता ही परटीण कोण, ते आधी सांगायला हवं.

विजयाबाईंना, म्हणजे यज्ञेश्वरांच्या पत्नीला, चिनी मातीच्या जुन्या विलायती बाहुल्या जमवायचा नाद. शाळेत चित्रकला शिकवायच्या तेव्हापासूनचा. देवास गेटजवळ एका कबाडीकडे बसच्या जुन्या हॉर्नच्या ढिगाऱ्यात त्यांना पहिला बाहुला सापडला, चपलेला टाके घालणारा चांभार. मग एकेक येत गेले. चाकू-सुऱ्यांना धार लावणारा, डोक्यावर टोपलं घेतलेली कोळीण, काखेत पावांची चळत धरलेला पाववाला, आणि हातात लांब दांड्याचा झाडू घेतलेला तोंडकाळा पोऱ्या. हा विलायतेत धुराड्यात उतरून काजळी काढायचा, पण घरात सगळे त्याला कोळसेवाला म्हणायचे. जुन्या सरदार-दरकदारांच्या घरांतली शोकेसं मोडीत निघाली, की त्यातला राजा, राणी, घोडेस्वार, नाचणाऱ्या मुली लोक पटापट उचलायचे. विजयाबाई तिकडे ढुंकून बघत नसत. ज्याच्या हातात काम आहे त्यालाच त्यांच्या कपाटात जागा.

"म्हणूनच मला कपाटात ठेवत नाहीस वाटतं," यज्ञेश्वर म्हणायचे.

"तुम्हाला ठेवलं तर बाकीच्यांची कामं थांबतील. तुमच्या गप्पा ऐकत बसतील ते."

ही सगळी मंडळी वर्षातून एकदा कपाटाबाहेर यायची. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्या पुढ्यात आरास म्हणून विजयाबाई यांचा बाजार मांडायच्या. इतरांच्या घरी वाणी-वाणीण आणि प्लास्टिकची फळं, वाकनिसांच्या घरी जर्मनीपासून इंग्लंडपर्यंतचे कारागीर. देवीसमोर दोन दिवस दुकानं लावून बसायचे आणि मग जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून पुन्हा आत जायचे.

आणि या सगळ्यांत विजयाबाईंचा जीव होता तो परटिणीवर. वीतभर उंचीची. डोक्याला पांढरी टोपडी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, गाल श्रमाने लाल. कमरेत जरा मागे झुकून दोन्ही मुठींनी ती काहीतरी जाडजूड, पिळाचं ओढत होती, आणि तो पीळ तिच्या मुठींतून निघून समोर हवेत येऊन थांबला होता. उजव्या हाताला करंगळी नव्हती, ती घरात आली तेव्हाच नव्हती. विजयाबाई म्हणायच्या, ही ओली चादर पिळतेय. यज्ञेश्वर म्हणायचे, चकलीचा पहिला प्रयत्न आहे. पण चादर पिळतेय तर दुसऱ्या टोकाला कुणीच कसं नाही? एवढी मोठी चादर एकटी बाई हवेत कशी पिळणार? हे कोडं विजयाबाईंना कित्येक वर्षं छळत होतं.

ते सुटलं गेल्या वर्षी. विजयाबाईंनी आराशीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तो कुठून कुठून फिरत ग्वाल्हेरला निहारिका पागनीस नावाच्या मुलीकडे गेला. तिने उलट एक फोटो पाठवला. तिच्या आजोबांच्या कपाटात एक बाहुला होता, तसाच वीतभर, तशाच सारलेल्या बाह्या, तसाच मागे झुकलेला, आणि त्याच्या मुठींत पिळाचं दुसरं टोक. तिच्या घरचे त्याला इतकी वर्षं दोरखंड ओढणारा खलाशी समजत होते.

जोडी होती ती. नवरा-बायको मिळून चादर पिळत होते, आणि एकाच चादरीची दोन टोकं धरून एक उज्जैनला उभी, एक ग्वाल्हेरला.

त्या दिवशी विजयाबाई किती तरी वेळ फोन हातात घेऊन बसल्या होत्या. तेव्हापासून निहारिका येईन येईन म्हणत होती. कधी सुट्टी नाही, कधी आजारपण. अखेर या रविवारी ती येणार होती, बाहुल्याला बरोबर घेऊन. आणि आज शनिवार होता.

"अहो, ऐकताय का? परटीण दिसत नाहीये."

"असेल तिथंच. पाववाल्याच्या मागं बघ."

"पाववाल्याच्या मागं, पुढं, खाली, सगळीकडं बघितलं." विजयाबाईंचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. यज्ञेश्वरांना चढलेल्या आवाजाची भीती नव्हती, या बारीक आवाजाची होती. "उद्या ती मुलगी येतेय हो."

यज्ञेश्वर गुपचूप मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे त्यांची थोरली बहीण सुलूताई फुलवाती वळत बसली होती. सुलूताईंचे डोळे आता अधू झालेले, पण घरातला देवधर्माचा कारभार अजून त्यांच्याच हातात. कुठल्या देवाला काय चालतं, काय चालत नाही, हे त्या डोळे मिटूनही सांगायच्या. मोतीबिंदू झाल्यापासून तसंच सांगावं लागायचं.

"ताई, काल ती आरास तू आवरलीस का गं?"

"मी कशाला? मी फक्त निर्माल्य भरलं. हार, पत्री, दूर्वा... आणि ती नागाची देवी."

यज्ञेश्वर तिच्यासमोर उकिडवे बसले. "कुठली नागाची देवी?"

"हातात नाग धरलेली रे. महालक्ष्म्यांपुढं बसवली होती विजयानं. मी तिला हळदकुंकू वाहिलं, हात फिरवला तर काय, करंगळी तुटलेली! खंडित मूर्ती घरात ठेवतात का? बरं, हळदकुंकू लागलं म्हणजे ती देवाची झाली. मग उत्तरपूजा झाल्यावर नीट फुलांत गुंडाळून पाठवली." त्यांनी वात मांडीवर वळली. "विजयाला नाही बोलले. उगाच अपशकून झाला म्हणून मनाला लावून घेईल."

निर्माल्याची टोपली! ती तर काल संध्याकाळी खुद्द यज्ञेश्वरांनीच स्कूटीवर पायाशी ठेवून राम घाटावर नेली होती. आणि वाकनिसांच्या घरची रीत अशी, की निर्माल्यावर एकदा फडकं टाकलं की ते उघडून बघायचं नाही. टोपली जरा जड लागली होती खरी. सुलूताईंनी पत्री जास्त घातली असेल असं त्यांना वाटलं होतं. घाटावरच्या निर्माल्याच्या कुंडीत त्यांनी ती स्वतःच्या हाताने उलटी केली होती, वर नमस्कारही केला होता.

आता खरं सांगावं तर काय होईल? सुलूताई आयुष्यात पुन्हा देवाला हात लावणार नाहीत. आणि विजया? विजया काही बोलणार नाही, कपाट बंद करेल आणि उद्या त्या मुलीला चहा करेल. तसलं न बोलणं यज्ञेश्वरांना सोसलं नसतं. मग त्यांनी तेच केलं जे त्यांना जन्मभर जमत आलं होतं.

"अगं, सापडली!" ते बाहेर येत म्हणाले. "म्हणजे हरवलीच नव्हती. मीच दिलीय दुरुस्तीला. करंगळी बसवायला."

विजयाबाईंनी हातातला कोळसेवाला खाली ठेवला. "मला न विचारता?"

"तुला सरप्राइज. उद्या नवरा येतोय तिचा, तुटक्या हातानं उभी करणार का तिला? देवास गेटला एक बंगाली कारागीर आलाय, सौमित्र म्हणून. चिनी मातीचा डॉक्टर म्हणतात त्याला."

"देवास गेटला? चिनी मातीचा?" विजयाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग एकदम खुर्चीत बसल्या. "देवा रे! माझं तर काळीजच बसलं होतं हो. आधी सांगायला काय होतं?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सुटलेपण बघून यज्ञेश्वरांच्या मानेभोवतीचा फास मात्र आणखी आवळला. "आणतोच," म्हणत त्यांनी स्कूटीची किल्ली उचलली.

घाटावर गर्दी होती. तेजादशमी होती त्या दिवशी. आपल्याकडे नागपंचमी तसा माळव्यातल्या खेड्यांत हा नागाचा दिवस. ट्रॅक्टर भरभरून बायका आल्या होत्या, रंगीत छत्र्या आणि निशाणं मिरवत माणसं चालली होती, ढोल वाजत होते. यज्ञेश्वर त्यातून वाट काढत कुंडीपाशी पोचले आणि आत डोकावले. कुंडी धुऊन पुसून रिकामी! सकाळीच गाडी येऊन सगळं निर्माल्य घेऊन गेली होती.

बाजूला प्रकाश गुरू छत्रीखाली पाटावर बसले होते. वाकनिसांच्या घरची श्राद्धंपक्षं त्यांच्याच हातची, त्यामुळे ओळख जुनी.

"गुरु," यज्ञेश्वर धापा टाकत म्हणाले, "यहां कोई धोबन देखी क्या? इतनी-सी. गोरी है, टोपी पहनी है."

प्रकाश गुरूंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "बाबूजी, धोबन घाट पर नहीं मिलेगी तो कहां मिलेगी? किसके यहां की है?"

"जर्मनी की."

"आज सुबह-सुबह ही शुरू हो गए आप."

"नहीं गुरु, महाकाल की कसम. चीनी मिट्टी की है. कल निर्माल्य में चली गई गलती से. हाथ में ऐसा लंबा-लंबा..." त्यांनी दोन्ही मुठींनी हवेत पीळ घालून दाखवला.

गुरूंचं पान चघळणं थांबलं. "हाथ में नाग है?"

"नाग नहीं है हो, चादर है!"

"उंगली टूटी हुई? माथे पे कुंकू?"

"हां! हां!"

"तो वो धोबन नहीं है, बाबूजी." गुरूंनी हात जोडले. "वो तो माता है. सुबह सफाईवाले को मिली. कुंकू देखा तो उसकी हिम्मत नहीं हुई गाड़ी में डालने की. मैंने ही पीपल के नीचे विराजमान की. जाइए, दर्शन कर लीजिए."

यज्ञेश्वर पिंपळाकडे धावले, आणि बघतात तर काय!

पाराशी बायकांचा घोळका. मध्ये जुन्या नागाच्या दगडांच्या रांगेत, लाल चुनरी पांघरून, गळ्यात झेंडूची माळ घालून त्यांची परटीण उभी. तीच टोपडी, तेच लाल गाल. पुढ्यात दुधाची वाटी, उदबत्त्या, नारळ. कुणीतरी तिच्या चादरीच्या टोकाला गंधाचे दोन ठिपके लावून नागाला डोळेसुद्धा काढले होते. आणि सांगायचं म्हणजे, बाई शोभत होती हो! जन्मभर कपडे पिळून पिळून आता कुठे तिला कुणी बसायला सांगितलं होतं.

यज्ञेश्वरांना पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की फुटली नाही. त्या विचारासरशी ते पाराला टेकून खालीच बसले. बायकांना वाटलं, भक्त आहे.

"कईं वात हे, दादा?" पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं. कपाळभर टिकली, हातभर चांदीची कडी, घोळक्याची पुढारी दिसत होती. "तबीयत तो ठीक हे नी?"

"ठीक है, मांजी. वो... ये जो माता है ना, ये माता नहीं है. ये हमारे घर की है. बाहर देश की गुड़िया है. कपड़े निचोड़ रही है."

सगळा घोळका हसला. म्हातारी नाही हसली. "तेजादसमी का दन, नाग हाथ में लई ने, शिप्रा माई का किनारे परगट हुई. ने तम को कि या कपड़ा निचोड़े हे?"

"हो, मांजी. सच बोल रहा हूं."

"असो सच तो म्हारो धणी भी बोलतो थो," मागून एकजण नवऱ्याच्या आठवणीने म्हणाली, आणि पुन्हा हशा.

यज्ञेश्वर आयुष्यात इतकं खरं कधी बोलले नव्हते, आणि त्यांची इतकी फजिती कधी झाली नव्हती. माकडाच्या सहीवर लोकांनी निदान चहा तरी पाजला होता. त्यांनी हात पुढे केला, तर तीन-चार जणी एकदम "हां हां हां!" करत आडव्या आल्या. पुजलेल्या देवीला परपुरुषाचा हात! ढोलवालेसुद्धा वळून बघायला लागले.

आता उचलून पळावं? या वयात, पायऱ्यांवरून? पारावर बसल्या बसल्या त्यांना एकच दिसत होतं. उद्या दुपारी बाहेरच्या खोलीत तो ग्वाल्हेरचा बाहुला टेबलावर एकटाच मागे झुकून उभा आहे, चादरीचं टोक हवेत, आणि विजया त्याच्याकडे बघतेय.

आणि मग त्यांना सुचलं. थाप नव्हती ती, पण थापेसारखीच वरून अलगद आली.

"मांजी," ते हात जोडून म्हणाले, "तुम कहती हो तो माता ही सही. पर बात ये है कि कल इनका घरवाला आ रहा है. ग्वालियर से. इनको मिलने."

म्हातारीने डोळे बारीक केले. "किको घरवालो?"

"इनका. बरसों से बिछड़े हैं दोनों. ये देखो." त्यांनी फोन काढला, निहारिकेने पाठवलेला फोटो मोठा केला आणि म्हातारीपुढे धरला. फोन घोळक्यात हातोहात फिरला. तोच चेहरामोहरा, त्याच सारलेल्या बाह्या, तसाच झुकलेला, मुठींत दुसरं टोक.

"अरे राम! इका हाथ में भी नाग हे!"

"उज नाग हे, देख. मूंडो इका कने, पूंछ उका कने." तोंड हिच्याकडे, शेपूट त्याच्याकडे.

"दोई जणा मिली ने पकड़्यो थो."

घोळक्यातल्या दोघी-तिघींनी फोटोला हात जोडले. मग म्हातारीने फोन परत दिला आणि पदराने डोळ्याची कड पुसली. "तो पेलां केणो थो नी, दादा! धणी लेवा आवे, ने हम बेटी के रोकां? पाप लगाड़ोगा कईं?"

नवरा न्यायला आलेल्या लेकीला अडवण्याचं पाप कुणाला हवं होतं? यज्ञेश्वर तिला उचलायला उठले. पण परटिणीला नुसतीच कशी पाठवणार? सासरी निघालेली मुलगी ती. म्हातारीने कुणाच्या तरी पिशवीतून नवं कोरं ब्लाउजपीस काढायला लावलं, दुसरीने नारळ दिला, तिसरीने मूठभर गहू. रीतसर ओटी भरली. कपाळावर नवं कुंकू. एकीने तर तिला बजावून सांगितलं, की ग्वाल्हेरवाल्याने त्रास दिला तर सरळ इथे निघून यायचं, पिंपळ तुझाच आहे. मग चुनरीत गुंडाळून, जुन्या नागांना टेकवून, म्हातारीने तिला यज्ञेश्वरांच्या ओंजळीत ठेवलं, आणि सगळ्या बायका पायऱ्यांपर्यंत पोचवायला आल्या.

यज्ञेश्वरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते उदबत्त्यांच्या धुराने, असं ते नंतर स्वतःलाच सांगत होते.

"मिल गई धोबन?" पायऱ्यांशी प्रकाश गुरूंनी विचारलं.

"मिल गई, गुरु. ससुराल जा रही है."

गुरूंनी कपाळाला हात लावला.

वाटेत एका रसवंतीच्या बाकावर बसून त्यांनी तिचं तोंड पुसलं, नागाचे डोळे पुसले, झेंडू काढला. करंगळीचं मात्र काय करणार? एका रात्रीत बंगाली कारागीर कुठून पैदा करणार? मेडिकलमधून कापूस घेतला आणि तिच्या उजव्या मुठीला छान पट्टी बांधली, आजारी माणसाला बांधतात तशी.

"झाली?" घरी विजयाबाईंनी दारातच विचारलं.

"झाली. पण दोन दिवस पट्टी सोडायची नाही. सिमेंट ओलं आहे."

विजयाबाईंनी तिला दोन्ही हातांत घेतलं, उलटीसुलटी करून पाहिलं, आणि छातीशी धरून मोठा श्वास सोडला. मग त्यांची नजर यज्ञेश्वरांच्या हातातल्या पिशवीकडे गेली. "हा नारळ कुठला?"

"कारागिरानं दिला."

"कारागीर नारळ देतो?"

"बंगाली आहे ना. त्यांच्यात पद्धत असेल."

रविवारी निहारिका आली. गाडीतून उतरली तीच कडेवर लहान मूल सांभाळावं तशी छोटी रजई सांभाळत. चहा नको, पाणी नको, आधी हे, असं म्हणत तिने टेबलावर रजई उलगडली आणि बाहुला उभा केला. विजयाबाईंनी परटिणीला आणून समोर ठेवलं. जरा डावीकडे, जरा मागे, थोडी फिरवली, आणि चादरीची दोन टोकं एकमेकांसमोर आली. मध्ये बोट शिरेल एवढीच फट राहिली. आता ती फट कुणाला दिसतच नव्हती. एकच चादर होती, आणि दोन माणसं मागे झुकून तिचं पाणी काढत होती. तोल इतका बरोबर की एकाने सोडली तर दुसरा पडेल.

निहारिका टेबलाशी वाकून बघायला लागली. मग विजयाबाई हळूच म्हणाल्या, "बघा ना, आपण इतकी वर्षं हिला एकटीलाच पिळायला लावलं."

"आमचाही बिचारा," निहारिका म्हणाली, "जहाज नसताना दोरखंड ओढत होता."

विजयाबाई हसल्या. हसता हसता त्यांनी यज्ञेश्वरांच्या बाहीला नुसतं धरलं, आणि त्या पकडीबरोबर कालपासून यज्ञेश्वरांच्या छातीवर बसलेलं जातं उठून चालायला लागलं. सगळं सुखरूप पार पडलं होतं. परटीण घरात, नवरा समोर, ताई आपल्या जागी फुलवातींशी, कुणाला काही कळलं नव्हतं. आता गप्प बसायचं होतं, एवढंच. पण मोकळ्या झालेल्या छातीत नेमक्या थापाच आधी भरतात.

"काकू म्हणत होत्या, तुम्ही हिची करंगळी करून आणलीत," निहारिका म्हणाली. "कोण कारागीर हो, काका? आमच्याकडेही एक तुटलेला आहे."

"सौमित्र? अगं, काय सांगू तुला!" यज्ञेश्वर खुर्चीत सरसावले. "देवास गेटच्या मागं बसतो. जुन्या विलायती कपाचा कान कुटून त्याची भुकटी करतो, बकरीच्या दुधात मळतो, आणि खारीच्या एका केसानं करंगळी घडवतो. श्वास रोखून हं! श्वास सोडला की करंगळी उडून जाते. हिची पहिली करंगळी तशीच पडली खाली, आणि आम्ही बघेपर्यंत एक मुंगी ती घेऊन निघाली."

"मुंगी?"

"मुंगी. साखरेचा कण समजून. मग काय, पुढं मुंगी, मागं सौमित्र, त्याच्या मागं मी. देवास गेट ओलांडलं, फ्रीगंजच्या पुलापर्यंत गेलो. ट्रॅफिकवाल्यानं मुंगीसाठी हात दाखवला, आम्हाला थांबवलं! शेवटी जलेबीचा कण देऊन तिच्याशी तडजोड केली."

निहारिका पोट धरून हसत होती. विजयाबाई कपाळाला हात लावून, पण हसतच होत्या. व्हरांड्यातून सुलूताई कधी आत येऊन टेबलाशी बसल्या, ते कुणाला कळलं नाही. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्या बोटांनी जोडी बघत होत्या. आधी नवऱ्याची टोपी, मग त्याच्या मुठी, मग चादरीवरून सरकत पलीकडे.

"आणि काम कसं म्हणशील?" यज्ञेश्वर रंगात आले होते. "करंगळीला नख काढलंय, नखावर मेंदी! उद्या पट्टी सोडली की बघशीलच. पत्ता लागणार नाही कुठून जोडलीय."

सुलूताईंची बोटं परटिणीच्या उजव्या हातावर थांबली. कापूस त्यांना कधीच आवडत नसे, वातीला सोडून. त्यांनी तो सावकाश सोडवला, हाताच्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग चादरीचा पीळ चाचपला, आणि त्यांच्या अधू डोळ्यांत एकदम उजेड पडला.

"यज्ञ्या! थापाड्या!" सुलूताई ओरडल्या. "कसली मेंदी नि कसली मुंगी? करंगळीच नाहीये हिला! आणि ही परटीण कुठली, ही तर माझी नागाची देवी! शुक्रवारी मी स्वतःच्या हातानं निर्माल्यात घातली होती हिला. पाठवणी केलेली देवी घाटावरून परत आणलीस होय रे, मेल्या?"